हवालदाराची मिरवणूक

निवृत्त होऊन गावी यायच्या थोडं आधी हवालदार गोकुळ लोहकरेने सरपंच प्रतिभाला फोन केला होता. "वहिनी, मी येतोय. मिरवणूक-बिरवणूक काढू नका. आन् फटाके तर अजिबात नको," एवढंच तो म्हणाला. प्रतिभा "बरं बरं" म्हणून हसली आणि फोन ठेवून नवऱ्याला, बाळासाहेबाला, म्हणाली, "लाजतोय बिचारा."

आता यावरून तिला एकटीला झोडपण्यात अर्थ नाही. शिनोलीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या या गावात 'नको' म्हणणं ही जेवायची रीत आहे. पाहुणा ताटावर हात आडवा धरतो, वाढणारी तो हात बाजूला सारून भाकरी टाकते, आणि नाहीच टाकली तर पाहुणा वर्षभर बोलून दाखवतो. प्रतिभाने गोकुळचा नकार तसाच धरला आणि जास्तच वाढलं. घोडेगावहून डीजे बोलावला. जेसीबीतून फुलं उधळायची ठरली. सुतळी बॉम्बची खोकी बाळासाहेबाने स्वतः जाऊन आणली. बॅनरवर गोकुळचा फोटो होता आणि त्याच्याहून मोठा प्रतिभाचा. निवडणूक जवळ आली होती, हे वेगळं सांगायला नको.

मारुतीच्या देवळापाशी उघडी जीप थांबली. गोकुळ दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून उभा होता. त्याची म्हातारी आई चिमाबाई ओवाळायला पुढे झाली आणि गोकुळ खाली वाकला, तेवढ्यात कुणीतरी उत्साहाच्या भरात सगळे बॉम्ब एकदम पेटवले.

गोकुळने जीपवरून उडी टाकली. आईला खाली पाडलं, तिच्या अंगावर पालथा पडला आणि शेवटचा आवाज थांबेपर्यंत हलला नाही. ओवाळणीचं ताट गटारात गेलं. चिमाबाईचा हात मनगटाशी मोडला. लोक आधी घाबरले, मग गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मिलिट्रीची ढोसून आलाय गडी!" आणि लोक हसले. हसणाऱ्या लोकांचं काय करावं, हे मला अजून कळलेलं नाही.

प्रतिभा अगदी जवळ उभी होती. उठल्यावर गोकुळने पहिल्यांदा तिच्याकडेच पाहिलं आणि मान खाली घातली. तेव्हाच तिने तोंड उघडायला हवं होतं.

घरी आल्यावर तिने विषय काढला, तर बाळासाहेब म्हणाला, "गप बस. पिला व्हता म्हणत्यात, म्हणू दे. तुला फोन आल्ता हे कळलं तर मत सोड, लोक दारात उभं करायचे न्हाईत." ती गप्प बसली. गप्प बसायला फारसं काही लागत नाही. पहिला दिवस जड जातो, पुढे सवय होते.

पण तिला नीट सवय झाली नाही. चिमाबाईचा हात प्लॅस्टरमध्ये होता म्हणून ती रोज दुधाचा तांब्या घेऊन जायला लागली. गोकुळ मागच्या पडवीत बसलेला असायचा. त्याची बायको मुलीच्या शाळेसाठी खडकीलाच भाड्याच्या खोलीत राहिली होती, त्यामुळे आईचं पाणी, चूल, सगळं तोच करायचा. चिमाबाई त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. तिचा नवरा दारूपायीच गेला होता. गोकुळने एकदा सांगितलं होतं, "आई, मी पिलो नव्हतो." मग मला का पाडलंस, असं तिने विचारल्यावर मात्र तो वळून चूल फुंकायला लागला.

"एवढी वर्सं वाट बघितली, प्रतिभा," चिमाबाई त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आन् आला तो बापासारखाच. ह्याच्या हातचं पाणी घशाखाली उतरत नाय माज्या."

प्रतिभाच्या ओठांवर आलं होतं. अगदी आलं होतं. आणि ती म्हणाली, "दूध गरम करून घ्या, मावशी."

वाटेत तिला स्वतःची किळस आली. आपण नीच आहोत, असं तिला वाटलं, आणि ते बरोबरच होतं.

त्यानंतर दोन दिवसांतच गोकुळ सकाळच्या एसटीने खडकीला निघून गेला. नळावर बायका सांगत होत्या, म्हातारीनेच 'तोंड दाखवू नको' म्हणून काढला.

त्याच आठवड्यात ग्रामसभा होती. माजी सैनिकांचा विषय आला तसं ग्रामसेवकाने वाचायला सुरुवात केली. घरपट्टी माफ, शिलाफलकावर नाव, पंधरा ऑगस्टला शाल आणि नारळ. लोकांनी माना डोलावल्या. प्रतिभा उठून उभी राहिली.

"गोकुळभाऊ प्यालेले नव्हते," ती म्हणाली. "त्यांनी मला आधी फोन करून सांगितलं होतं, फटाके नको. मला वाटलं, लाजतायत. का नको, ते मी विचारलं नाही. फटाके मी आणवले. आणि तुम्ही त्यांना दारुडा म्हणत होता तेव्हा मी तोंड शिवून बसले."

बाळासाहेब खुर्ची सरकवून बाहेर निघून गेला. प्रतिभाने तसंच पुढे सांगितलं, की यापुढे परत येणाऱ्या सैनिकाच्या घरी पंचायतीचं माणूस आधी जाईल, त्याला काय हवं-नको ते विचारेल आणि तो सांगेल तेवढंच करेल. गावात फटाके बंद. कुणाला डॉक्टरची गरज असेल तर पुण्याच्या सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत पंचायत सोबत जाईल. हात वर झाले. लगेच मागून गेणभाऊ उठले, "मी म्हणतो, गोकुळचा एक जंगी सत्कार..."

"खाली बसा!" प्रतिभा ओरडली.

ते बसले, आणि बायकांच्या बाजूने चिमाबाई उठली. गळ्यात अडकवलेला हात सावरत ती टेबलापर्यंत आली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर प्रतिभाला बरं वाटलं असतं.

"मी माज्या पोराला घराभाईर काढलं, प्रतिभा," ती म्हणाली. "तुज्या दुधाचा च्या पीत पीत काढलं."

प्रतिभाला रडू फुटलं. चिमाबाईने तिच्या रडण्याकडे लक्ष दिलं नाही.

"लाव त्याला फोन."

दोघी बाहेर ओट्यावर आल्या. प्रतिभाने फोन लावला. गोकुळने लगेच उचलला आणि घाबरून विचारलं, "आई बरी हाय ना?"

"बऱ्या आहेत. इथंच आहेत. भाऊ, मी आत्ता सभेत सांगितलं सगळ्यांना, तुमच्या फोनचं."

"कशाला सांगितलंत वहिनी? येवढ्या कामाच्या गडबडीत इसरला असाल, हे काय मला कळत न्हाई? म्हणून तर मी कुणाला बोललो न्हाई. आईलाबी न्हाई. तुमी सरपंच, उगं गावात तुमचं नाव खराब झालं असतं."

म्हणजे इतके दिवस तो तिच्यासाठी गप्प होता. आईच्या शिव्या खात होता तो तिच्यासाठी. 'हो, विसरले' म्हणणं फार सोपं होतं. त्याला ते पटलं असतं, आणि उद्या भेटल्यावर तो तिला पहिल्यासारखाच वहिनी म्हणाला असता.

"नाही भाऊ," ती म्हणाली. "विसरले नव्हते. चांगलं लक्षात होतं."

पलीकडून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज येत राहिले.

"आईकडं द्या," गोकुळ म्हणाला.