राहुकाळातली सही

मी तंजावूरची एक जुनी बाहुली आहे, मित्रांनो. मान डोलावणारी. माझं डोकं, धड आणि घेरदार लुगडं वेगवेगळं घडवून एकमेकांवर नुसतं टेकवलेलं आहे. त्यामुळे वाऱ्याची झुळूक आली, कुणी बोट लावलं, दारावरून बैलगाडी गेली, की मी डोलते. बघणाऱ्याला वाटतं, मी हो म्हणाले. खरं सांगते, मी आजवर कशालाच मनापासून हो म्हटलेलं नाही.

कावेरीकाठची माती आणि कागदाचा लगदा यांची मी झाले. कारागिराने हिरवी चोळी रंगवली, लाल लुगडं रंगवलं, आणि डोळे सगळ्यात शेवटी काढले. डोळे उघडले तेव्हा मी आधीच डोलत होते. म्हणून जाग कुठे संपते आणि स्वप्न कुठे सुरू होतं, ते मला अजून नीट कळत नाही.

नवरात्रात अप्पाजीरावांनी मला विकत घेतलं, त्यांच्या नऊ वर्षांच्या सुनेसाठी. तिचं नाव वसुमती. नवरात्रात मांडतात त्या बाहुल्यांच्या पायऱ्यांवर तिने मला अगदी वर बसवलं आणि विचारलं, "आज पायसम आहे?" मी डोलले. त्या दिवशी पानात खरंच ती खीर होती, आणि तेव्हापासून तिचा माझ्यावर विश्वास बसला.

पुढे तिची सासू गेली. मग तापाने नवराही गेला. मूलबाळ नव्हतं. मोगऱ्याचा मांडव असलेल्या त्या घरात सासरा, सून आणि खिडकीतल्या फळीवर मी, एवढेच उरलो. मोगरा उमलला की सगळं घर डुलक्या घेत असल्यासारखं वाटे.

अप्पाजीराव कचेरीच्या आवारात बसून लोकांचे कागद लिहून देत. खरेदीखतं, मृत्युपत्रं. इंग्रजांचा कायदा त्यांना तोंडपाठ होता. एकदा ते वसुमतीला म्हणाले, "बाळा, विधवा सुनेला कायदा हिस्सा देत नाही. अन्नवस्त्र देतो, बस. माझ्यामागं हे घर पुतण्याला जाईल, वेंकटेशला. घर मी माझ्या कमाईनं बांधलं, ते तुझ्या नावे करतो. आता नुसता शब्द चालत नाही. कागद पाहिजे, सही पाहिजे, दोन साक्षी पाहिजेत."

त्यांनी कागद लिहिला. मजकूर तमिळमध्ये, खाली मोडीतल्या सहीसाठी जागा कोरी. पण दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं झालं. आज अष्टमी, उद्या नवमी, मग मार्गळी महिना लागला, त्यात असली कामं करत नाहीत. वसुमतीही अडवायची. "नको मामंजी. मृत्युपत्रावर सही म्हणजे यमाला घराचा पत्ता देणं." तिला घर नको होतं, सासरा हवा होता. शेवटी कागदाची घडी माझ्याखाली आली. अप्पाजीराव पंचांग मिटून माझ्याकडे बघत आणि हसून विचारत, "काय गं बाहुले, पुढच्या शुक्रवारी करू या?" मी डोलत असे. असे तीन वर्षांचे शुक्रवार गेले.

१९२९ साली त्यांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली आणि मान हलत राहिली. आता घरात दोन बाहुल्या झाल्या. वेंकटेश कुंभकोणमहून भेटायला आला. माणूस वाईट नव्हता, संत्री घेऊन आला होता. वाकून म्हणाला, "काका, घर मी सांभाळू ना?" मान हलली. वसुमतीने विचारलं, "मामंजी, पेज देऊ?" मान तशीच हलली.

एका शुक्रवारी सकाळी मात्र त्यांनी डाव्या हाताचं बोट उचललं आणि माझ्याकडे रोखलं. वसुमतीला कळलं. तिने मला उचलून कागद काढला आणि शेजारच्या कल्याणराम मास्तरांना व त्यांच्या भावाला साक्षीसाठी बोलावलं. अंगठ्यासाठी शाईची गादी आली. मास्तरांनी घड्याळ पाहिलं आणि हळूच म्हणाले, "साडेदहा झाले. राहुकाळ लागला."

मग वसुमतीच म्हणाली, "बारापर्यंतच ना. सुटू दे राहुकाळ. मामंजी, थांबू या?"

म्हाताऱ्याची मान हलली. त्याच वेळी मोगऱ्यावरून वारा आला आणि मीही डोलले. वसुमतीने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "सरी, बरं, थांबू या." ते नाही म्हणत होते, मित्रांनो! मी त्यांच्या डोळ्यांत पाहत होते, मला कळत होतं. पण मला जीभ कुठे आहे?

पावणेबाराला अप्पाजीराव गेले. शाईची गादी उघडीच राहिली होती, ती संध्याकाळपर्यंत वाळली.

तेरावा झाल्यावर वेंकटेश म्हणाला, "वहिनी, काकांनी मान हलवली होती. तुम्ही पाहिलंत." वसुमतीला खोटं बोलता येत नव्हतं. "हो, हलवली होती," ती म्हणाली. त्याने मागची खोली आणि अन्नवस्त्र देऊ केलं. जे घर आपलं व्हायचं, त्यात आश्रिताचं जिणं तिला जगवेना. मला पदराखाली घेऊन ती कावेरीकाठच्या तिरुवैयारुला निघून गेली.

तिथे शेषम्मा नावाची तिच्यासारखीच एकटी बाई भेटली. दोघींनी मिळून अप्पळम, म्हणजे उडदाचे पापड, लाटले. चौदा वर्षं लाटले. काठावरच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या, वसुमतीच्या नावावर. पलीकडच्या घरातून गाण्याची शिकवणी ऐकू येई आणि मी सुरावर डोलत राही. ती वर्षं मला एका लांब दुपारसारखी आठवतात.

एके दिवशी लाटणं थांबवून वसुमती म्हणाली, "शेषम्मा, मी गेले तर ह्या खोल्या माझ्या सासरच्यांना जातील. तू रस्त्यावर येशील." आणि तिने लगेच कागद करवून घेतला, दोन साक्षीदार बोलावले.

शेषम्मा घाबरली. "अय्यो अक्का, आज शुक्रवार! राहुकाळ लागलाय. बारा वाजू दे."

कावेरीवरून वारा आला. मी डोलू लागले. वसुमतीने माझ्या डोक्यावर बोट ठेवलं आणि मला थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्थिर उभी राहिले.

"तू आज गप्प," ती मला म्हणाली. मग शेषम्माकडे वळली. "राहू आलाय तर येऊ दे. त्यालाही बसव साक्षीला." आणि तिने सही केली. साक्षीदारांनीही केल्या. शाई वाळेपर्यंत तिने माझ्या डोक्यावरचं बोट काढलं नाही.

आता वसुमती नाही. शेषम्मा त्याच दोन खोल्यांत राहते, रोज माझ्यावरची धूळ पुसते, आणि तिला तिथून कुणी ऊठ म्हणत नाही.

मित्रांनो, माझा रंग उडाला आहे. मला जपा, उन्हात ठेवू नका. आणि तुमच्या घरी कुणाचा असा कागद सहीवाचून पडला असेल, तर तो आजच पुढे करा. उद्या केला तर चालेल का, असं मात्र मला विचारू नका. मी हो म्हणेन.