ओबरलानमार्गे

"हे काय लिहिलंयस, विन्झेन्स? 'इथे दोन तास थांबणे. इंजिन थंड होऊ द्यावे.'" मी कागद त्याच्याकडे सरकवला. "बाहेर उणे नऊ आहे. आमच्या गाड्या सुरू व्हायला रडतात आणि तुझ्या जावयाची गाडी तापणार?"

"पुढे घाट आहे," विन्झेन्स होल्झर म्हणाला. "चढणीआधी गाडी निवलेली बरी."

"आणि ती निवेपर्यंत माणसांनी काय करायचं?"

"जेवतील," तो म्हणाला. जणू ही गोष्ट त्याला आत्ताच सुचली होती.

ओबरलानात किराणा आणि टपाल दोन्ही माझ्याच दुकानात आहे, त्यामुळे कोणाच्या घरात काय शिजतं आणि कोणाला कोणाची पत्रं येतात, हे मला विचारावं लागत नाही. विन्झेन्स होल्झर रोज चार पाव नेत असे. चार वर्षांपूर्वी त्याची बायको रेझल गेली, तेव्हापासून दोन नेतो. त्यातला एक दुसऱ्या दिवशी पक्ष्यांना जातो. पत्रं म्हणाल तर वाढदिवसाला एक, नाताळाला एक. दोन्ही दूर जर्मनीतल्या ब्रेमेनहून, लेकीची.

नोव्हेंबरात लेकीचा, गेर्लिंडचा, फोन आला होता. नाताळ झाला की ती, नवरा हाउके आणि सहा वर्षांची इडा गाडीने निघणार, वाटेत खेडी, डोंगर बघत स्लोव्हेनियातल्या बोहिन्यच्या तळ्यावर जाणार. "बाबा, रस्ता तुम्ही आखून द्या ना." माझा अंदाज असा की फोनवर बोलायला काही उरलं नव्हतं, म्हणून ती तसं म्हणाली. होल्झरने मात्र ते सरकारी काम समजून अंगावर घेतलं.

एकतीस हिवाळे त्याने आमच्या रस्त्यावरचा बर्फ काढला. बर्फ ढकलणारी ती गाडी केवढी अवाढव्य, पण आम्ही तिला नांगरच म्हणतो. नांगरवाल्यांची एक वेगळीच जात असते. ब्रेमेनपासून इथपर्यंतच्या प्रत्येक डेपोत फोन करून त्याने अनोळखी माणसांना विचारलं, तुमच्याकडे कुठलं वळण वाईट, कुठली खाणावळ बरी. अकरा पानं झाली. अख्खा जर्मनी त्यातल्या दीड पानात. फ्रँकनमधल्या मुक्कामापुढे लिहिलं होतं, 'जागा स्वच्छ, मालकीण बोलकी, लवकर निजावे.' महामार्ग सोडून आमच्याकडे वळणारा फाटा आला, की पुढे प्रत्येक वळणाला एक परिच्छेद. 'तिसरे वळण सावलीत. ऊन दिसले म्हणून फसू नये.'

हल्ली नांगर ट्राउडल चालवते. त्याच्याच हाताखाली शिकली. तिलाही त्याने वेळापत्रकात बसवलं होतं.

"अठ्ठावीस तारखेला एक वाजता घाटात पुन्हा एक फेरी मार. ही मंडळी तुझ्या मागोमाग चढतील."

"उस्ताद, खुद्द चान्सलर आला तरी मी एक वाजता वर जात नाही."

"चान्सलर माझी नात नाही."

ट्राउडलने माझ्याकडे बघितलं आणि वहीत एक वाजताची फेरी लिहून घेतली.

सत्तावीसला तो दुकानात आला. बारा अंडी, मैदा, ताजं चीज, प्लमचा मुरंबा, डुकराच्या मांसाचा हा एवढा तुकडा. वर अस्वलं छापलेले कागदी रुमाल.

"अस्वलं कोणासाठी? हाउकेसाठी?" मी विचारलं.

"दुसरे नव्हते," तो म्हणाला. तीन प्रकारचे रुमाल त्याच्या नाकासमोर होते.

जाताना ते इथून जाणार होते, परतताना व्हिएन्नावरून, हाउकेच्या आईकडून. म्हणजे काय ते हे दोन तास. इडाला त्याने शेवटचं पाहिलं ते रेझलच्या मातीला, आणि तेव्हा ती बापाच्या खांद्यावर झोपलेली होती.

अठ्ठावीसला मी उठले तर पागोळ्या टपटपत होत्या. रात्रीत दक्षिणेचा गरम वारा सुटला होता, दारावरचा पारा अधिक सातवर. असा वारा आला की आमच्याकडे निम्म्या गावाचं डोकं दुखतं आणि उरलेलं निम्मं काळ्या उताराकडे बघतं. फाट्यापासून गावात येणारा रस्ता किलोमीटरभर त्या उताराखालून जातो. दुसरी वाट घाटावरून, पलीकडून, तीही तशीच. हिमकडा कोसळण्याची भीती असली की रस्ता बंद करायचा की नाही, हे गावातल्या पाच जणांची समिती ठरवते. होल्झर वीस वर्षं त्या समितीत होता. सत्तरीला त्याने ती सोडली. सकाळी सातला समितीने ठरवलं, रस्ता चालू.

तरी तो ट्राउडलबरोबर नांगरात बसून गेला. सव्वादहाला दोघं दुकानात आले. ट्राउडल म्हणाली, उताराखाली उतरून त्याने हातातली काठी मुठीपर्यंत बर्फात खुपसली, काढली, त्या भोकात बराच वेळ बघत राहिला.

"मग?" मी विचारलं.

"खाली साखरेसारखं भुसभुशीत आहे, वरचं कधीही घसरेल," तो म्हणाला. "ट्राउडल, रस्ता बंद करायला सांग."

"उस्ताद, पाच जणांनी मिळून ठरवलंय. मीही त्यात होते. मोजमापं बरोबर आहेत." ती खालच्या आवाजात म्हणाली, "आणि आज तुमच्याकडे पाहुणे यायचेत ना?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ऐकू कमी येतं, म्हणून तो फोन सगळ्यांना ऐकू येईल असाच लावतो.

"बाबा! फाट्यावरच्या पेट्रोल पंपावर आलो. अकराला पोचतो. इडा विचारतेय, आजोबांकडे नांगरात बसायला मिळेल का?"

होल्झर पावाच्या टोपलीकडे बघत राहिला.

"बाबा? ऐकू येतंय ना?"

"येतंय. गेर्ली, फाट्यावर वळू नका. सरळ महामार्गाच्या बोगद्याने जा."

"का? रस्ता बंद झाला?"

"नाही. चालू आहे."

"मग?"

"मी नको म्हणतो."

मागून हाउकेचा आवाज आला. "अहो सासरेबुवा, आत्ता माझ्यासमोर अख्खी बस वळली तिकडे."

"त्या ड्रायव्हरचा नंबर माझ्याकडे नाही. तुमचा आहे."

मग गेर्लिंड म्हणाली, "पलीकडून वर येऊ का, बोगदा ओलांडून?"

"घाट तसाच आहे. आणि मग तळ्यावर पोचायला अंधार पडेल. नको."

"तुम्ही जेवण करून ठेवलं असेल."

"थोडंसं."

थोडंसं! बारा अंडी मी माझ्या हाताने मोजून दिली होती.

मग त्याने तिला बोगद्याचा रस्ता सांगितला. कुठली लेन धरायची, बाहेर पडताना आडवा वारा कुठे लागतो, पहिला चांगला थांबा कोणता. आवाज अगदी कामाचा, एकतीस वर्षांचा. फोन खिशात ठेवून तो ट्राउडलला म्हणाला, "एक वाजताची फेरी खोडून टाक."

उतार त्या दिवशी कोसळला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझ्या खिडकीसमोरून दुपारी एकपर्यंत एक्केचाळीस गाड्या गेल्या, एकीच्याही आरशाला ओरखडा नव्हता. ती बस तर दुकानासमोरच थांबली, लोकांनी आइस्क्रीम मागितलं. लोहाराचा फ्रान्झ मला म्हणाला, "म्हाताऱ्याला आता पागोळीची पण भीती वाटते." मी त्याला उधार सिगारेटी दिल्या नाहीत, एवढंच माझ्या हातात होतं.

एक वाजता मी दुकान बंद करून होल्झरकडे गेले. ट्राउडल आधीच आली होती. त्याने आम्हा दोघींना वाढलं, पुन्हा वाढलं, नको म्हटलं तरी वाढलं. ट्राउडलने मुरंबा भरलेला चीजचा चौथा गोळा खाल्ला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मुरंबा गरम आहे," ती म्हणाली.

चारला फोनवर फोटो आला. तळ्याकाठी गाडी उभी, गाडीला टेकून लाल टोपीतली इडा. होल्झरने चष्मा लावला. आधी पुढचं चाक मोठं करून बघितलं, मग मागचं.

"टायर चांगले घातलेत," तो म्हणाला. "चिखल आहे, बर्फ नाही. रस्ता कोरडा मिळाला असणार."

मग बोटाने फोटो हळूहळू बाजूला सरकवला. टोपी आली, चेहरा आला. चेहरा पडदाभर झाला, पुसट झाला, डोळे कुठले आणि गाल कुठले ते कळेनासं झालं. तरी तो काचेवर दोन बोटं ठेवून ती लांब लांब नेत राहिला.