गाळणीची जाळी

सिंचनतंत्राच्या प्रशिक्षण केंद्रातील गुरुजींचा एक नेम होता. वर्ग भरण्यापूर्वी ते पंपघरात जात आणि पाण्यातला गाळ अडवणाऱ्या गाळणीची जाळी स्वहस्ते धुऊन पूर्ववत बसवत. विद्यार्थी येत तेव्हा ठिबकची प्रत्येक तोटी मोजून दिल्यासारखी सारखीच ओघळत असे.

परीक्षेपूर्वी तीन दिवस गुरुजी तापाने अंथरुणाला खिळले. नेम खंडित झाला.

परीक्षा सरळ होती. प्रत्येकाच्या वाट्याला तोट्यांची एक ओळ. त्यांखालचे मापाचे पेले तासाभरात सारखे भरले पाहिजेत. परीक्षार्थींत एक गृहिणी होती. धाकटा दीरही सोबत शिकत असल्याने सारा वर्ग तिला वहिनीच म्हणे. गतवर्षी तिने तोटी टाचणीने कोरली, छिद्र मोठे झाले आणि ती अनुत्तीर्ण झाली. यंदा हुकली, तर तिसरी संधी नव्हती.

पाणी सोडले, पण पेल्यांत जेमतेम थेंब पडू लागले.

"तोट्या चोंदल्यात," दीर म्हणाला. "वहिनी, टाचणी आणलीय ना?"

"आणलीय. तुमचे ओठ टाचायला, भावोजी."

तो हसत स्वतःच्याच टाचणीने तोट्या कोरू लागला. तिचा हात मात्र थबकला. साऱ्याच तोट्या एकदम कशा चोंदतील? नळीचा माग काढत ती पंपघरात पोहोचली. गाळणीच्या अलीकडच्या दाबमापकाचा काटा दोनावर होता, पलीकडचा एकाच्याही खाली; पाणी गाळणीतच अडत होते. तिने पाणी बंद करून झाकण उघडले. जाळी शेवाळाने हिरवीगार झाली होती. तिने ती धुऊन पुन्हा बसवली.

तासाअखेर तिचे पेले सारखे भरले. दिराचे तीन ओसंडून वाहिले.

"हे गुरुजींनी शिकवलं का?" परीक्षकांनी विचारले.

शाल पांघरून गुरुजी दाराशीच उभे होते. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिले.

"नाही. जाळी भरते, हे आम्ही कधी पाहिलंच नाही. रोज गुरुजीच ती धुवायचे."



"खरं आहे," गुरुजी शांतपणे म्हणाले. "जाळीबरोबर मी यांचा एक धडाही रोज धुऊन टाकत होतो. हिला उत्तीर्ण करा. आणि त्या तीन तोट्यांचा दोष माझा. त्याला पुन्हा बसू द्या."

परीक्षकांनी दोन्ही मान्य केले.

दुसऱ्या दिवशी गुरुजी नेमाने पंपघरात आले, ब्रश उचलला आणि वहिनीच्या हाती दिला. तिने तो दिराकडे सरकवला.

"घ्या, भावोजी. टाचणी खिशातच राहू द्या."

गुरुजी पालथ्या बादलीवर बसले, चुळबुळणारे दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून.