क्रिसांतोचं उडालेलं छप्पर

"आता जे सांगतो त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," लोलो, म्हणजे आजोबा, क्रिसांतो म्हणाला, तशा बास्केटबॉलच्या मैदानात वादळाच्या मदतीसाठी लागलेल्या रांगेतल्या सात-आठ माना पुढे झाल्या. टेबलामागची लिगाया, गावची चिटणीस, हिने मात्र मान वर केली नाही. सकाळपासून शंभरेक जणांनी तिला आपापलं वादळ ऐकवलं होतं.

"लोलो, छप्पर पूर्ण गेलं की अर्धं, तेवढंच सांगा."

सगळं घोडं तिथेच अडलं होतं. पूर्ण गेलं असेल तर बारा पत्रे. अर्धं असेल तर एक निळी ताडपत्री. आणि ताडपत्री म्हटलं की क्रिसांतोच्या अंगावर काटा यायचा. पन्नास वर्षं त्याने गावावर छपरं चढवली. आधी निपा ताडाच्या पानांची, मग पत्र्याची. स्वतःच्या घरावर मात्र निवडणूक आटोपली की उतरवलेले प्रचाराचे व्हिनाइलचे, प्लास्टिकसारखे फलक. फुकट मिळतात, पाणी अडवतात. पण दोन उन्हाळे खाल्ले की पापडासारखे तडकतात. मग पुन्हा शिडी. ताडपत्रीचंही तेच. हल्ली तिसऱ्या पायरीवरच त्याचे गुडघे रडायला लागत. पत्रे मिळाले तर पुतण्या ठोकून देणार होता, आणि मग मरेपर्यंत वर चढणं नाही. म्हाताऱ्याला तेवढंच हवं होतं.

खरं तर वादळाने अर्धंच छप्पर नेलं होतं. उरलेलं काल उजाडता उजाडता, कण्हत कण्हत, त्याने स्वतः उतरवलं होतं.

"पूर्ण गेलं," तो म्हणाला. "गेलं म्हणजे काय, उडत गेलं! पडलेल्या उमेदवाराचा नाही, त्या निवडून आलेल्याचा चेहरा होता ना माझ्या छपरावर, बारा हात लांब? हसरी बाजू खाली. दोन वर्षं आम्ही नवरा-बायको त्याच्या दातांखाली झोपलो."

रांग खिदळली.

"वाऱ्याने चारी कोपरे धरून उचललं. वर माझा कोंबडा. तो काही उतरेना."

"एवढ्या वादळात कोंबडा वर काय करत होता?" मागून कुणीतरी विचारलं.

"झुंजीतला आहे बाबा. माघार त्याच्या रक्तातच नाही." क्रिसांतोने खांबाला पाठ टेकवली. पूर्वी अशी थाप तो ताडीच्या एका घोटावर मारायचा. आज एकेक वाक्य पत्र्यासारखं खालून वर द्यावं लागत होतं, आणि वर घ्यायला कुणी नव्हतं. "खाडी ओलांडली. पलीकडच्या बेटावरचे लोक बाहेर आले, बघतात तर साहेब आभाळातून हसत येताहेत! एक म्हातारी ओरडली, 'अगंबाई, निवडून आल्यावर पहिल्यांदाच फिरकला मेला!'"

आता लिगायाही हसली. दिवसभरात पहिल्यांदाच. हसता हसता तिचं पेन 'पूर्ण'च्या रकान्यापाशी आलं.

क्रिसांतोच्या पाठीमागे अलिंग तेन्ताय उभी होती, त्याच्या कुंपणापलीकडची शेजारीण. तिचं छप्पर खरोखरच सगळं गेलं होतं. टेबलाशेजारचा पत्र्यांचा ढीग सकाळी कमरेएवढा होता, तो आता घोट्याशी आला होता. ती एकटीच हसली नव्हती.

"आणि खिळे?" तिने विचारलं.

"कुठले खिळे?"

"छपराचे. दुसरे कुठले?"

"नेले वाऱ्यानेच," क्रिसांतो म्हणाला. "एक म्हणून ठेवला नाही."

"हो का? मग काल सकाळी तुमच्या दारात दगडावर ठाकठाक कसली चालली होती? मी काय बहिरी आहे? डबाभर खिळे ठोकून सरळ केलेत तुम्ही. व्हिनाइल फाटू नये म्हणून खिळ्यांखाली घालता ती सोड्याच्या बाटल्यांची बुचंसुद्धा वेगळी काढून धुतलीत. अहो लोलो, वारा छप्पर नेतो, कबूल. पण खिळे उपटून, सरळ करून, डब्यात भरून घरमालकाच्या हातात देऊन जातो होय? लिगाया, पोरी, यांचं अर्धं लिही!"