डाव्या मैदानातली जागा

एलादियोने चेंडू हाताने वर उडवला आणि बेसबॉलच्या लांब, हलक्या बॅटने टोलावला. डाव्या मैदानात निकानोर चार पावलं मागे सरकला आणि त्याने तो छातीसमोर अलगद झेलला. पुढचा चेंडू विल्किनसाठी होता. तो थेट कुंपणाकडे गेला. पोरगं पाठ फिरवून सुसाट धावलं आणि अगदी शेवटी हात लांबवून त्याने तो धरला.

निकानोर अडतीस वर्षांचा. बानी गावाने त्याला डोक्यावर घेतलं होतं, आणि का घेऊ नये? अकरा हिवाळी हंगाम त्याने डाव्या मैदानातली जागा कुणाला दिली नव्हती. त्यातून संघाचा मास्तर एलादियो हा त्याच्या थोरलीचा धर्मपिता. म्हणजे दोघं एकमेकांचे कोंपाद्रे, सख्ख्या भावांहून जवळचे.

विल्किन एकोणीसचा. चार-पाच दिवसांतून एकदा त्याला मैदान दिसे. बाकावर बसून अंग आखडलेलं, त्यात एखादा चेंडू सुटला की पुन्हा बाक. नाताळापर्यंत काही करून दाखवलं नाही तर क्लब त्याला घरी धाडणार होता. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे एलादियोला कळत होतं. पण वळत नव्हतं.

निकानोर मैदानातून चालत त्याच्यापाशी आला.

“कोंपाद्रे, मला एक कुंपणापर्यंत मार.”

“चारला सामना आहे. उगाच पाय दुखवून घेशील.”

“पायाचं मी बघतो. पोराला तिकडे पळवतोस, आणि मला काय घास भरवतोस?”

एलादियोने हातातल्या बॅटकडे पाहिलं. आपण असं करतोय हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“कधीपासून?”

“गेल्या वर्षापासून. मीही गप्प बसलो. बरं वाटायचं ना.”

निकानोर परत जागेवर जाऊन उभा राहिला. एलादियोने हात आखडता न घेता फटका मारला. निकानोर धावला, जीव खाऊन धावला, आणि चेंडू त्याच्या दहा पावलं पुढे पडला. गुडघ्यांवर हात टेकून तो वाकून राहिला. एलादियोला फार वाईट वाटलं. विल्किन बुटाची नीट बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधत बसला.

चारच्या सामन्यात डाव्या मैदानात विल्किन उतरला. सहाव्या डावात उन्हाने डोळे दिपले आणि त्याच्या हातून सोपा चेंडू सुटला. दोन धावा गेल्या, सामनाही गेला. लोक शेवटपर्यंत निकानोरच्या नावाने ओरडत होते. क्लबच्या मालकाने फोनवर एलादियोला चांगलंच फैलावर घेतलं.

“पुढचे दहा सामने विल्किनच खेळेल,” एलादियो म्हणाला. “पटत नसेल तर दुसरा मास्तर शोधा.”

“शोधतोच,” मालक म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एलादियोने खेळणाऱ्यांची नवी यादी लिहून भिंतीवर लावली. दुपारी विल्किन आला तो तिच्याकडे न बघताच बाकाच्या टोकाला जाऊन बसला. पायात चपलाच होत्या. सामन्याला पाऊण तास उरला तरी तो शेंगा सोलत होता. शेवटी निकानोरने त्याचा ग्लोव्ह त्याच्या मांडीवर आपटला.

“ऊठ रे! नाव आहे तुझं.”

विल्किनने मान वळवून यादी पाहिली आणि ओशाळून हसला.

“कालची असेल ती, दादा. काढायची राहिली.”

निकानोरने एलादियोकडे पाहिलं. एलादियोला पोराच्या तोंडाकडे बघवेना.

“आजची आहे,” तो म्हणाला.