यांचं नाव

यांना जाऊन दोन वर्षं झाली, आणि पितृपक्षात यांचं पान वाढणारं अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात कोणी नव्हतं. म्हणजे मी होते, पण माझी गणती नाही. मराठी मंडळातले जगन्नाथकाका इथे भटजींचं काम बघतात. ते म्हणाले, श्राद्ध मुलानं करायचं असतं, अमितला बोलावून घ्या. अमित तिकडे कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला. फोन केला तर त्याच्या ऑफिसात काहीतरी रिलीज होतं.

"आई, इट्स जस्ट अ डेट. नेक्स्ट मंथ येतो ना, तेव्हा करू."

म्हणजे त्याच्या बाबांनी पुढच्या महिन्यापर्यंत उपाशी राहायचं. मला इतका राग आला की मी त्याला जेवलास का, हेही विचारलं नाही.

सोखा माझ्याबरोबर मॉलमधल्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत कपडे आखूड करायचं काम करते. कंबोडियाची आहे. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून जमतं. डबा खाताना तिला हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली की याच पंधरवड्यात त्यांच्याकडेही मेलेली माणसं जेवायला येतात. देवळादेवळांतून फिरतात, आपलं नाव घेतलं जातंय का ते ऐकतात. नाव आलं नाही तर तशीच उपाशी परत जातात. आणि वाढायला मुलगाच पाहिजे असं काही नाही, बायकोनं वाढलं तरी चालतं. शनिवारी माझ्याबरोबर चल, म्हणाली.

अमावास्या खरं तर शुक्रवारीच झाली होती. पण आपला गणपती जसा इथे शनिवारी बसतो, तशी त्यांची मेलेली माणसंही सुट्टी बघून येतात. मी सकाळी वरणभात केला, लोणी कढवलं, आणि सोखाच्या गाडीत डबा मांडीवर घेऊन बसले.

देऊळ म्हणजे तंबाखूच्या शेतांमधलं एक जुनं लाकडी घर. दारात चपलांचा ढीग, आत बुद्धाची मूर्ती, समोर ओळीनं बसलेले तीन भिक्षू. नारळाच्या दुधाचा वास सगळीकडे. पन्नास-साठ माणसं असतील, आणि प्रत्येकाला कोणी ना कोणी हाक मारत होतं. मांडीला मांडी लागली होती, तरी इतकं एकटं मला घरीसुद्धा वाटलं नव्हतं.

कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ नावं लिहून घेत होते. सोखानं एकवीस नावं सांगितली. एकदाही अडखळली नाही. सगळी तिच्याच घरातली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी पर्स उघडून यांचं व्हिजिटिंग कार्ड पुढे केलं. बँक असो, दवाखाना असो, नवऱ्याचं नाव विचारलं की मी कार्डच पुढे करते. पंचवीस वर्षांच्या संसारात यांचं नाव मी उखाण्याशिवाय घेतलेलं नाही. हे फार चिडवायचे. घराला आग लागली तरी 'अहो' म्हणूनच ओरडशील, म्हणायचे. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये म्हणाले, "एकदा नावानं हाक मार. उखाणा नको. नुसतं नाव." तेवढ्यात नर्स आली आणि मी लाजले. ती गेल्यावर मारू म्हटलं, तर यांचा डोळा लागला होता. पुन्हा हे तसं म्हणाले नाहीत, आणि मीही मूर्खासारखी गप्प राहिले.

आजोबांनी कार्ड परत दिलं. काहीतरी बोलले, ते सोखानं मला सांगितलं. "ते म्हणतात, तू सांग. तुझा माणूस तुझा आवाज ओळखेल, कार्ड कसं ओळखेल?"

मागे माणसं खोळंबली होती. सवयीनं पदर सारखा केला, आणि तोंडातून उखाणाच आला. पहिली ओळ लग्नातली होती, दुसरी कुठून आली कोण जाणे.

"वरणभातावर वाढते लोणकढं तूप,
हेमचंद्ररावांचं नाव घ्यायला उशीर झाला खूप."

आजोबा पेन धरून तसेच बसले. मग त्यांनी सोखाला हळूच विचारलं, यातलं नाव कोणतं?

मला हसू आलं, आणि मग रडू आवरेना. हे असते तर पोट धरून हसले असते. सोखानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि खुणेनं दार दाखवलं. गेलेली माणसं अजून बाहेर थांबली असतील, म्हणाली.

मी दाराकडे वळले.

"हेमचंद्र."

नुसतं नाव. चांगलं मोठ्यानं. दारात चपला पडल्या होत्या, पलीकडे रिकामं शेत होतं. आजोबांनी नाव लिहून घेतलं. मी मात्र थोडा वेळ दाराकडेच बघत राहिले, ओ येईल म्हणून. मग भात गार व्हायला लागला, तेव्हा डबा उघडून वाढायला घेतलं.