माथ्यावरून दिसणारं पाणी

माघातली सकाळ. नाशिकच्या पश्चिमेला जमीन संथ लयीत उठते आणि संथ लयीत निजते. उतारांच्या कुशीत द्राक्षवेलींचे हरितमंडप, मंडपांखाली घोसांची जांभळी, मधुभारनम्र शांतता, आणि या साऱ्यामधून जाणारा, दंवाने ओलसर, काळाभोर, चिंचोळा रस्ता. पूर्वेकडून कोवळं ऊन आलं. ते आधी वेलींवर सांडलं, मग तारांवर, मग रस्त्यावर, आणि सर्वांत शेवटी मृदुलाच्या पाठीवर. ती नेहमीप्रमाणे मागे होती.

मागे राहणं तिच्या पाचवीलाच पुजलेलं. पुढे श्रीरंग, तिचा नवरा. पिवळ्या जर्सीतली त्याची पाठ प्रत्येक चढावर आधी हातभर दूर जाई, मग शेतभर दूर, मग वळणाआड. लग्नाला वीस वर्षं होत आली होती आणि या माणसाचा चेहरा जास्त पाहिला की पाठ, असं कुणी विचारलं असतं तर तिला उत्तर द्यायला वेळ लागला नसता. सप्तशृंगीच्या पायऱ्यांवर पाठ, भाजीबाजारात पाठ, आणि आता दर रविवारी, हौसेने घेतलेल्या दोन सायकलींवर, पुन्हा पाठच.

तो थांबत नसे असं नाही. तो थांबे, आणि खरं दुखणं तिथेच होतं. प्रत्येक चढाच्या माथ्यावर तो सायकल टेकवून, पाणी पिऊन, पाय मोकळे करून उभा असे. ती धापत, घामेजून, गुडघ्यांची समजूत काढत वर पोचे. तिचा पाय जमिनीला लागतो न लागतो तोच त्याचा पाय पॅडलवर जाई, आणि तो म्हणे, "चल, निघूया."

चल, निघूया. त्याची विश्रांती संपायची तिथे तिची सुरू व्हायला हवी होती. पण ती कधी सुरूच झाली नाही. इतके चढ ती चढली आणि एकाही माथ्यावर तिचा श्वास तिच्या मालकीचा झाला नाही. शेवटच्या टेकाडावरून गंगापूर धरणाचा फुगवटा दिसतो म्हणतात. लोक मुद्दाम गाड्या काढून ते पाणी बघायला येतात. मृदुला तिथे दर रविवारी जात होती, आणि तिने त्या पाण्याची एक निळी पट्टी तेवढी पाहिली होती, उतरता उतरता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून.

आज पहाटे चाकांत हवा भरताना तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. शेवटच्या माथ्यावर आपण पोचलो आणि तो पुन्हा चल म्हणाला, तर हँडल मागे फिरवायचं. एकटीनेच घरी जायचं. आपली पांढरी सायकल भाचीला देऊन टाकायची, ती कधीपासून मागतेच आहे. मग रविवार त्याचा त्याला आणि आपला आपल्याला. हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. सांगायला तो बरोबर असावा लागतो.

त्यात आज संकष्टी. श्रीरंगने चतुर्थी धरलेली, तीही कडक, नुसत्या पाण्यावर. उपाशीपोटी डोंगर तुडवायचे नसतात, हे त्याच्या आईनेही काल फोनवर सांगितलं होतं. पण हट्टाला पेटलेल्या माणसापुढे आई काय आणि बायको काय.

मधल्या चढाच्या डोक्यावर एक बाग होती. तोडणी चाललेली. हिरव्या छायेत बायकांच्या रंगीत पदरांची हालचाल, कात्र्यांची टिकटिक, क्रेटांत हलकेच उतरणारे कृष्णवर्ण घोस. श्रीरंग तिथे उभा होता. ती पोचली, आणि तो निघणार एवढ्यात तारेपलीकडून एका बाईने घोस पुढे केला.

"घ्या की दादा. गोड झालीत."

"चतुर्थी आहे माझी."

"फळाला काय व्हतंय? देवाला बी चालतंय."

"नको मावशी. थांबलं की पाय गार पडतात." आणि मृदुलाकडे वळून, "चल."

मृदुलाने घोस घेतला. खाण्याइतका श्वास तिच्यापाशी नव्हता, म्हणून तिने तो जर्सीच्या पाठीवरच्या खिशात ठेवला. ती बाई हसून म्हणाली, "ताई, लईच घाईत हायेत तुमचे मालक." यावर द्यायला मृदुलाकडे पुष्कळ उत्तरं होती, पण पिवळी पाठ उताराला लागली होती.

मग आला शेवटचा चढ. लांबलचक, उघडा, ऊन आणि वारा दोन्ही अंगावर घेणारा. रस्ता वर जाई, वळे, पुन्हा वर जाई. मृदुला सगळ्यांत हलक्या गिअरवर आली. एक पाय, दुसरा पाय. एक श्वास, दुसरा श्वास. मान खाली घालून ती डांबराचे खडे बघत राहिली आणि मनातल्या मनात भाचीला फोन लावत राहिली.

मान वर केली तेव्हा पिवळी पाठ दूर जात नव्हती. ती जवळ येत होती. हातभर जवळ, मग आणखी जवळ. श्रीरंगची सायकल रस्त्यावर आडवीतिडवी होत होती. पॅडल जड झालं होतं, खांदे गळाले होते. ती शेजारून जाताना त्याने मान वळवली. चेहरा पांढुरका, ओठ कोरडे.

"तू हो पुढे," तो म्हणाला. "येतो मी."

ती पुढे झाली. थांबावं असं तिला वाटलं नाही, हे खरं सांगायला हवं. उलट पायांत कुठूनसं बळ आलं, आणि इतक्या वर्षांची चीड पॅडलांत उतरली. ती माथ्यावर पोचली तेव्हा तिथे कुणीही नव्हतं. कुणीही चल म्हणालं नाही.

आणि समोर पाणी होतं. नीलविस्तीर्ण, निस्तरंग, सकाळभर कुणाच्या धाकाशिवाय पसरलेलं पाणी. त्याच्या कडेकडेने द्राक्षांचे उतार उतरत आलेले, पलीकडे अंजनेरीची जांभळी भिंत, आणि मधे पांढऱ्या पक्ष्यांची एक ओळ, उठलेली, वळलेली, पुन्हा पाण्यावर बसलेली. तिने पाणी पाहिलं. तिने श्वास घेतला, तो पूर्ण झाला, मग दुसरा घेतला. इतकी साधी गोष्ट आपल्याला इतकी वर्षं मिळाली नव्हती, या विचाराने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही तिला रागच आला.

खालून बुटांची खटखट ऐकू आली. श्रीरंग सायकल हाताने ढकलत येत होता. मृदुलाने एक पाय पॅडलवर ठेवला. तो शब्द तिच्या जिभेवर तयार होता, पिकलेला, गोड, वर्षानुवर्षं साठवलेला. त्याचा पाय माथ्याला लागावा आणि आपण चल म्हणावं. इतकाच तर हिशेब.

तो वर आला. कपाळावर घामाचं मीठ.

"बस आधी," मृदुला म्हणाली, आणि स्वतःवरच वैतागली. सूड घ्यायची एवढी आयती संधी, तीही आपल्याला साधू नये.

तिने खिशातून घोस काढला. अर्धे मणी चिरडून जर्सी जांभळी झालेली. "खा. चतुर्थीला फळ चालतं." त्याने वाद घातला नाही, यावरून किती दमला आहे ते तिला कळलं. तो रस्त्याकडेच्या दगडावर बसून एकेक मणी खात राहिला. ती उभी राहिली, त्याचा श्वास शांत होईपर्यंत.

पुष्कळ वेळाने त्याने मान वर केली. "इथून एवढं पाणी दिसतं?"

"दर रविवारी इथे तासभर उभा असतोस तू."

"मी खाली बघत असतो. तू कुठल्या वळणावर आलीस ते. पाण्याकडे पाठच असते माझी."

हा माणूस मृदुलाला रागसुद्धा धड पुरा करू देत नव्हता. "आणि मी पोचले की लगेच चल म्हणायचास, ते?"

"तू पोचलीस की काळजी मिटायची," तो म्हणाला. "मग निघायचो."

"आणि माझा दम?"

श्रीरंग हातातल्या घोसाकडे बघत राहिला. त्याच्या छातीचा भाता अजून हलत होता. "तो मला आज कळला," तो म्हणाला.

ती त्याच्या शेजारी दगडावर बसली. राग गेला नव्हता. इतक्या वर्षांचा राग एका घोसाने जात नाही. पण भाचीला आता दुसरी सायकल बघावी लागणार, हे तिला कळून चुकलं.

गवतात दोन सायकली एकमेकींवर कलल्या होत्या. त्यांतलं वरचं चाक वाऱ्याने मंद फिरत राहिलं, मग आणखी मंद, मग थांबलं. खाली निळं पाणी, पाण्यावर पांढरे पक्षी, पक्ष्यांवर माघाचं ऊन. घोसाच्या काडीवर शेवटचा एक मणी उरला होता. तो त्याने तिला दिला, आणि कितीतरी वेळ कुणीच कुणाला चल म्हणालं नाही.